हरणाऱ्याला काय दाखवायचे?

भारतात मतदान यंत्र पहिल्यांदा वापरले गेले ते मे १९८२ मध्ये, केरळमधल्या परवूर विधानसभा मतदारसंघातल्या ५० केंद्रांवर. कम्युनिस्ट उमेदवार सिवन पिल्ले यांनी मतदानाआधीच या यंत्राला हरकत घेऊन उच्च न्यायालय गाठले होते, पण न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. मोजणी झाली तेव्हा १२३ मतांनी पिल्लेच निवडून आले. त्याबरोबर त्यांची हरकत संपली आणि तीच हरकत हरलेले काँग्रेसचे ए. सी. जोस यांनी उचलली. यंत्राने मते घेण्याची तरतूद कायद्यातच नाही, एवढ्या कारणावरून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या ५० केंद्रांवर कागदी मतपत्रिकेने फेरमतदान घ्यायला लावले आणि त्यात जोस जिंकले. पुढे १९८८ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर यंत्रांवर झाली आणि आज यंत्र नको म्हणणारा व यंत्रच हवे म्हणणारा असे दोघेही आपापल्या जागा बदलत राहिले आहेत. २००९ मध्ये लोकसभा हरल्यावर कागदी मतपत्रिका परत आणा, असे म्हणणारे लालकृष्ण अडवाणी होते, हे आता फारसे कुणाला आठवत नाही.

महाराष्ट्राने हा सगळा प्रवास २०२४ या एका वर्षात उरकला. ४ जूनला लोकसभेचे निकाल लागले तेव्हा राज्यातल्या ४८ जागांपैकी ३० महाविकास आघाडीकडे गेल्या, १७ महायुतीला मिळाल्या आणि सांगली अपक्षाने घेतली. २३ नोव्हेंबरला विधानसभेची मोजणी झाली आणि २८८ पैकी भाजपच्या एकट्याच्या १३२ जागा आल्या. आघाडीतल्या तीन प्रमुख पक्षांची मिळून पन्नाशीही भरली नाही. यंत्रे त्याच बनावटीची, शाळांच्या खोल्या त्याच, ड्यूटीवर आलेले शिक्षक, तलाठी आणि ग्रामसेवकही बहुतेक तेच. जूनमध्ये मतदान यंत्रांविषयी लेखी शंका घेऊन, अहिल्यानगरच्या ४० केंद्रांवरील यंत्रे तपासा असा अर्ज केला तो भाजपचे पराभूत उमेदवार सुजय विखे यांनी. नोव्हेंबरनंतर तसेच अर्ज करणाऱ्यांची रांग आघाडीकडून लागली.

यावर एक ठरलेला टोमणा आहे, की जिंकलात तर यंत्र गुणी आणि हरलात तर यंत्र चोर. टोमणा खरा आहे, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. न्यायालयात अपील नेहमी हरलेला पक्षकारच करतो, म्हणून अपिलाची सोय कुणी बंद करत नाही. निवडणुकीनंतर शंका हरलेलाच घेणार, आणि यंत्रणा भक्कम आहे की नाही हे त्या हरलेल्याला ती काय दाखवू शकते यावरूनच ठरणार. विजयी उमेदवाराला प्रमाणपत्र दिले की काम भागते. खरी मेहनत दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या उमेदवाराची आणि त्याच्या मतदारांची खात्री पटवण्यात आहे. गेल्या दोन-अडीच वर्षांतला सगळा वाद मी याच बाजूने वाचत आलो आहे. शिक्षकी पेशात असताना मतदान केंद्राध्यक्ष म्हणून खुर्चीवर बसावे लागल्यामुळे त्यातल्या काही गोष्टी मला बाहेरून दिसतात त्यापेक्षा वेगळ्या दिसतात, आणि काही गोष्टी आतून पाहिल्यामुळेच अधिक खटकतात.

सर्वांत जास्त गदारोळ झाला तो एका आकड्यावरून. २० नोव्हेंबर २०२४ रोजी संध्याकाळी पाच वाजता राज्यात ५८.२२ टक्के मतदान झाल्याचे जाहीर झाले आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के आला. मधल्या ७.८३ टक्क्यांची मते सुमारे ७६ लाख होतात. ‘सहानंतर ७६ लाख मते आली कुठून?’ हा प्रश्न सभांमधून, वाहिन्यांवरून आणि प्रकाश आंबेडकर यांच्या युक्तिवादातून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. जून २०२५ मध्ये ती याचिका फेटाळली गेली.

हे आकडे तेव्हा कसे तयार होत ते केंद्रावर बसल्याशिवाय कळत नाही. सकाळी नऊपासून दर दोन तासांनी झोनल अधिकाऱ्याचा फोन येई. किती झाले, पुरुष किती, स्त्रिया किती. दारात रांग असते, एका म्हातारीच्या ओळखपत्रावरचा फोटो तिच्याशी जुळत नसतो, उमेदवारांचे प्रतिनिधी आपसांत भांडत असतात आणि अशा वेळी यंत्रावरचा आकडा पाहून तो घाईने सांगितला जाई. पाचचा म्हणून जो आकडा जाहीर होई तो बहुधा पावणेपाचचा किंवा साडेचारचाही असे, आणि काही केंद्रांचा फोन लागलेलाच नसे. मतदान सहाला संपते. सहा वाजता केंद्राध्यक्ष बाहेर येतो आणि रांगेतल्या प्रत्येकाला आपल्या सहीची चिठ्ठी देतो. वाटप शेवटच्या माणसापासून सुरू करून पुढच्याकडे यायचे असते, म्हणजे वाटप चालू असताना मागून कुणी रांगेत घुसू शकत नाही. चिठ्ठी ज्याच्या हातात आहे त्याचे मत रात्री आठ वाजले तरी घ्यावेच लागते. तेव्हा ‘सहानंतर मतदान’ हे शब्द ऐकून जसे वाटते तसा तो गैरप्रकार नाही, तो नियमच आहे.

साधा हिशेब करून पाहता येतो. राज्यात मतदान केंद्रे सुमारे एक लाख. ७६ लाखांना एक लाखाने भागले की प्रत्येक केंद्रावर ७६ मते येतात. सकाळी सात ते पाच या दहा तासांत त्याच केंद्रांवर सरासरी ताशी ५६ मते पडली होती. शेवटचा एक तास, त्यानंतरची रांग आणि आधी सांगायची राहून गेलेली मते मिळून ७६ होणे अशक्य तर नाहीच, फार आश्चर्याचेही नाही.

तरीही माझी ही भागाकाराची पाटी म्हणजे पुरावा नव्हे. सरासरीच्या पोटात काहीही लपू शकते. एका केंद्रावर दहा आणि दुसऱ्यावर पाचशे असले तरी सरासरी तीच राहते. पुरावा आधीच लिहून ठेवलेला आहे आणि तो एका साध्या कागदावर आहे. मतदान संपले की कंट्रोल युनिटवरचे ‘क्लोज’ बटण दाबतात, एकूण मतांचा आकडा दिसतो आणि तो नमुना १७-सी मध्ये अंकी-अक्षरी लिहून, त्याची खरी प्रत हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला पोच घेऊन द्यावी लागते. मोजणीच्या दिवशी त्याच यंत्रातून निघणारी मते या कागदाशी जुळली पाहिजेत. राज्यातल्या एक लाख केंद्रांचे एक लाख कागद दुसऱ्या दिवशी संकेतस्थळावर लावले असते, तर ७६ लाखांचे कोडे कुठल्याही तालुक्यातल्या पदवीधर मुलाने दोन रात्रींत सोडवले असते आणि वाद तिथेच मिटला असता किंवा तिथेच पेटला असता.

हीच मागणी लोकसभेच्या मतदानाचे टप्पे चालू असताना, मे २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. कायद्यात अशी सक्ती नाही, कागदाची छायाचित्रे बदलून गोंधळ माजवता येईल, असे आयोगाने सांगितले आणि निवडणूक सुरू असल्यामुळे न्यायालयाने २४ मे रोजी अंतरिम आदेश द्यायला नकार दिला. दुसऱ्याच दिवशी आयोगाने पहिल्या पाच टप्प्यांतल्या मतांचे मतदारसंघनिहाय आकडे जाहीर केले, हे चांगले झाले. पण केंद्रनिहाय कागद मात्र अजूनही प्रतिनिधीच्या खिशात किंवा कचेरीच्या गठ्ठ्यात आहे. छायाचित्रे बदलण्याची भीती मला समजते. मूळ कागद सर्वांसमोर असेल तर बदललेला लगेच उघडा पडेल, हे आयोगाला का समजत नाही ते मात्र समजत नाही.

आता यंत्राकडे वळतो. यंत्र कुणीतरी दुरून फिरवते, या कल्पनेवर माझा विश्वास नाही. मतदानापूर्वी दीड तास आधी प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान होते, किमान ५० मते टाकून ती मोजली जातात, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेले ते कागदावर छापणाऱ्या जोडयंत्राच्या, चिठ्ठ्या बाहेर काढून त्यांवर शिक्का मारतात आणि त्या काळ्या पाकिटात बंद करतात, मग यंत्र कोरे करून मोहोरबंद होते. २०१९ च्या एप्रिलपासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांवरच्या कागदी चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहिल्या जातात. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात अशी १,४४० व्हीव्हीपॅट यंत्रे मोजली गेली आणि कुठेही फरक आढळला नाही, असे निवडणूक यंत्रणेने जाहीर केले. राज्यातल्या शंभरातल्या दोन यंत्रांत जरी घोटाळा असता, तरी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १,४४० यंत्रांत त्यातले एकही न सापडण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे. राज्यव्यापी फेरफाराच्या आरोपाला हे उत्तर पुरेसे आहे आणि विरोधी नेत्यांनी ते मान्य करण्याइतका प्रामाणिकपणा दाखवायला हवा होता.

पण हेच पाच यंत्रांचे उत्तर एका मतदारसंघातल्या हरलेल्या उमेदवाराला पुरत नाही, आणि इथे सरकारी बाजूचे लोक हिशेब सांगायचे टाळतात. एका विधानसभा क्षेत्रात सरासरी ३५० केंद्रे धरा. त्यातल्या दहा केंद्रांवर काही गडबड झाली आहे असे समजा. निवडलेल्या पाच केंद्रांत या दहांपैकी एकही न येण्याची शक्यता शंभरात ८६ इतकी आहे. पंचवीस हजारांनी हरलेल्याला त्याची फिकीर करण्याचे कारण नाही. हजार मतांनी हरलेल्याला आहे. म्हणजे नमुना किती घ्यायचा हे मताधिक्यावर ठरायला हवे. फरक मोठा असेल तर पाच केंद्रे पुरे, फरक निसटता असेल तर पन्नास, आणि अगदीच थोडक्यात निकाल लागला असेल तर सगळ्या चिठ्ठ्या. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून अशी पद्धत राज्यभर लागू केली आहे. आपल्याकडे व्हीव्हीपॅटमुळे कागद आधीच तयार असतो, नवी यंत्रे घ्यायची नाहीत, फक्त तो मोजायचा नियम बदलायचा आहे. एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कागदी मतपत्रिकेकडे परतण्याची आणि शंभर टक्के चिठ्ठ्या मोजण्याची, अशा दोन्ही मागण्या फेटाळल्या. त्या दोन टोकांच्या मध्ये असलेल्या या वाटेवर मात्र राजकीय पक्षांनी कधी जोर लावला नाही, कारण ‘बॅलट आणा’ ही घोषणा भिंतीवर मावते आणि ही मागणी मावत नाही.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने मार्च २००९ मध्ये तिथली मतदान यंत्रे घटनाबाह्य ठरवली, तेव्हा यंत्रांत गडबड झाल्याचे कुणी सिद्ध केले नव्हते. निवडणुकीचे मुख्य टप्पे सामान्य नागरिकाला, खास तांत्रिक ज्ञानाशिवाय, पडताळून पाहता आले पाहिजेत, हे तत्त्व न्यायालयाने धरले. सुमारे ९७ कोटी मतदारांच्या देशाने लगेच त्या मार्गाने जावे असे मी म्हणणार नाही. मतपत्रिकांच्या काळात बिहार-उत्तर प्रदेशात पेट्या कशा पळवल्या जात, हे विसरण्याइतके आपण लांब आलेलो नाही. केंद्र बळकावण्याच्या गुन्ह्यासाठी १९८९ मध्ये कायद्यात वेगळे कलम घालावे लागले होते. पण ते तत्त्व मला पटते. तज्ज्ञ समितीने यंत्र ठीक असल्याचे सांगितले, हे वाक्य तज्ज्ञांना पटवते. माळशिरस तालुक्यातल्या शेतकऱ्याला ते पटवत नाही.

तो शेतकरी मारकडवाडीचा. नोव्हेंबरच्या निकालानंतर या गावाने जे केले ते देशभर गाजले. मतदारसंघातून शरद पवार गटाचे उत्तम जानकर निवडून आले होते, पण मारकडवाडीत भाजपच्या राम सातपुते यांना १,००३ आणि जानकरांना ८४३ मते दिसली. आमच्या गावात असे होऊच शकत नाही, असे म्हणून गावकऱ्यांच्या एका गटाने ३ डिसेंबरला स्वखर्चाने मतपत्रिका छापून पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस बंदोबस्त आला, मतदान झाले नाही आणि पुढे गुन्हेही दाखल झाले. दोन्ही बाजूंच्या नेत्यांची गावात ये-जा सुरू झाली, शरद पवार येऊन गेले.

त्या मतदानातून काही सिद्ध झाले नसते, हे मला स्पष्ट दिसते. गुप्त मतदान एकदा झाल्यावर, कोण कुठल्या बाजूला आहे हे गावभर माहीत असताना, पुढाऱ्यांच्या डोळ्यांदेखत घेतलेले दुसरे मतदान हे पहिल्याचे मोजमाप होऊ शकत नाही. सातपुते यांना मत दिलेला माणूस त्या दिवशी घरीच बसला असता. पण हे समजावून सांगायला पोलीस कशाला लागतात? गावातल्या तिन्ही केंद्रांवरच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या चावडीसमोर मांडून मोजून दाखवण्याची तरतूद नियमात असती, तर अर्ध्या दिवसात प्रश्न संपला असता. ती तरतूद नव्हती म्हणून गावाने स्वतःचे नियम केले. त्याच सुमारास पुण्यात महात्मा फुले वाड्यात नव्वदी ओलांडलेले बाबा आढाव निवडणुकीतल्या गैरप्रकारांविरुद्ध आत्मक्लेश उपोषणाला बसले होते. त्यांची कारणे मारकडवाडीपेक्षा व्यापक होती, पैशाचा वापर हे त्यातले मोठे. एका बाजूला तो उपवास आणि दुसऱ्या बाजूला ही छापलेली मतपत्रिका. दोन्हींच्या मागे एकच अडचण होती, की शंका घेऊन जायचे तरी कुणाकडे.

जायला जागा नाही असे कायदा म्हणत नाही. एप्रिल २०२४ च्या त्याच निकालाने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, निकालापासून सात दिवसांत अर्ज केल्यास, विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांच्या मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे आज्ञावली साठवणाऱ्या चिपची, तपासणी मागण्याचा हक्क दिला. खर्च अर्जदाराचा; फेरफार सापडला तर पैसे परत. आयोगाने त्यासाठी प्रत्येक संचाला ४० हजार रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी ठरवला. केंद्राध्यक्षाच्या मार्गदर्शक पुस्तिकेत एक जुना नियम अजून आहे: समोर आलेला मतदार तो नव्हेच, असा आक्षेप प्रतिनिधीला घ्यायचा असेल तर त्याने दोन रुपये रोख भरायचे. माणसावर शंका घ्यायला दोन रुपये आणि यंत्रावर घ्यायला तेव्हा ४७ हजार २०० रुपये. शिवाय सुरुवातीच्या पद्धतीत तपासणी म्हणजे यंत्राची स्वचाचणी आणि पुन्हा एकदा अभिरूप मतदान, एवढेच होते. मूळ आज्ञावली कुणी उघडून पाहणार नव्हते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा खर्च जास्त असल्याचे सांगितले, यंत्रातली माहिती पुसू नका असेही बजावले, आणि मे महिन्यात सुधारित पद्धत मान्य झाली. हक्क मिळाला एप्रिल २०२४ मध्ये आणि तो वापरण्याजोगा व्हायला एक वर्ष गेले.

मुदतींचाही असाच प्रकार आहे. निवडणूक याचिकेची मुदत ४५ दिवसांची. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक नियमांतला नियम ९३ बदलून केंद्रावरच्या कॅमेऱ्यांचे चित्रण सर्वसामान्यांना मागता येणाऱ्या कागदपत्रांतून वगळले गेले, आणि मे २०२५ मध्ये आयोगाने कळवले की याचिका दाखल झाली नसेल तर चित्रण ४५ दिवसांनी नष्ट करावे. मतदार स्त्रियांच्या खासगीपणाचे कारण सांगितले गेले आणि ते अगदीच पोकळ नाही. पण याचिका करायला पुरावा लागतो, पुरावा बघायला याचिका लागते आणि दोन्हींची मुदत एकाच दिवशी संपते, ही मांडणी हरलेल्याला सोयीची नाही एवढे नक्की.

तरीही माझ्या मते यंत्र हा या वादातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. खरा प्रश्न यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीचा, मतदार यादीचा आहे. मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघात जून २०२४ मध्ये रवींद्र वायकर यांनी अमोल कीर्तिकर यांचा ४८ मतांनी पराभव केला. बातम्यांत गाजला तो मोजणी केंद्रातला मोबाइल आणि त्यावर येणारा म्हणे ओटीपी, ज्याचा मतदान यंत्राशी काहीही संबंध नव्हता. कीर्तिकर यांच्या याचिकेतला कळीचा मुद्दा वेगळाच होता: आपल्या नावावर आधीच दुसऱ्याने मत टाकल्याच्या ३३३ तक्रारींचा. अशा मतदाराला यंत्र मिळत नाही, कागदी मतपत्रिका देऊन त्याचे मत पाकिटात वेगळे ठेवतात. त्याला प्रदत्त मत म्हणतात आणि ते साध्या मोजणीत धरत नाहीत. याचिका डिसेंबरमध्ये फेटाळली गेली. पण ४८ च्या निकालात ३३३ पाकिटे बंद राहतात, ही गोष्ट ओटीपीच्या अफवेपेक्षा कितीतरी गंभीर होती आणि तिच्यावर कितीतरी कमी चर्चा झाली.

लोकसभा ते विधानसभा या पाच-सहा महिन्यांत राज्यातली मतदारसंख्या ९.२९ कोटींवरून ९.७० कोटींवर गेली. राहुल गांधी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये हा मुद्दा पुढे आणताना म्हटले, की राज्यातल्या प्रौढ लोकसंख्येपेक्षा मतदार जास्त झाले. ही तुलना करायला प्रौढ लोकसंख्या माहीत असावी लागते, आणि आपली शेवटची जनगणना २०११ ची आहे. दोन्ही बाजू एकमेकांवर फेकत होत्या ते अंदाजच होते. सप्टेंबरमध्ये त्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात साडेसहा हजारांहून अधिक बोगस नावे घुसवल्याचा आरोप केला. ते अर्ज संशयास्पद वाटल्याने वेळीच नाकारले आणि ऑक्टोबर २०२४ मध्येच पोलिसांत गुन्हा नोंदवला, असे निवडणूक यंत्रणेचे उत्तर आले. उत्तर खरे असेल तर यंत्रणेने काम चोख केले. पण मग हजारो खोटे अर्ज करणारे कोण होते, हे शोधण्याची घाई सर्वांत आधी यंत्रणेलाच व्हायला हवी होती.

यादी बिघडते ती बहुतेक वेळा कटाने नव्हे, आळसाने आणि स्थलांतराने. गुहागरचा माणूस नालासोपाऱ्यात राहायला जातो आणि तिथला बीएलओ, म्हणजे केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी, किंवा पक्षाचा कार्यकर्ता त्याच्याकडून नमुना ६ भरून घेतो. हा अर्ज नव्या मतदाराचा. पत्ता बदलला असेल तर नमुना ८ भरायचा असतो, पण तो भरून घेणाऱ्यालाही अनेकदा माहीत नसतो. गावातले नाव तसेच राहते, कारण ते काढायला नमुना ७ भरावा लागतो, आणि मेलेल्या आईचे नाव यादीतून काढा असा अर्ज घेऊन जायला कुणाचे पाय उचलत नाहीत. सणाला गावी गेल्यावर पंचायतीचे मत, शहरात महापालिकेचे मत, अशी सवय लागलेल्या माणसाला आपण गुन्हा करतो आहोत याची जाणीवही नसते. वास्तविक दोन ठिकाणी नाव ठेवण्याची कायद्यात मनाई आहे. १ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईत निघालेल्या ‘सत्याच्या मोर्चा’त राज ठाकरे, उद्धव ठाकरे आणि शरद पवार एकत्र चालले ते याच दुबार नावांवरून. त्यानंतर मुंबई महापालिकेच्या यादीत सुमारे ११ लाख दुबार नोंदी निघाल्या आणि त्यांच्यापुढे दोन तारे छापायचे ठरले. एवढ्या नोंदी निघाल्या याचा अर्थ विरोधकांची तक्रार खरी होती. पण त्या सगळ्यांनी दोनदा मतदान केले, असा अर्थ त्यातून निघत नाही. हा दुसरा भाग मोर्चाच्या भाषणांत कुणी सांगितला नाही.

यादी शुद्ध करायची म्हणून सरसकट कात्री चालवली की काय होते, ते बिहारमध्ये दिसले. २४ जून २०२५ रोजी विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे सगळ्या यादीची फेरतपासणी, जाहीर झाले, यादी ७.८९ कोटींची होती, १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत ७.२४ कोटी उरले. वगळलेली ६५ लाख नावे कारणांसह जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्टला द्यावा लागला. आयोगाने ते आपण होऊन केले नव्हते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढेही असाच पेच होता. लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई अशी नोंद केली होती आणि त्यांतली सुमारे २८ लाख नावे यादीतून काढावी लागली. तेव्हाची अडचण नाव न सांगण्याची होती. आज ती कागद नसण्याची आहे. दोन्ही वेळा फटका बसतो तो ज्यांच्याकडे दाखवायला कमीत कमी असते त्यांना. बीडमधून ऊसतोडीला गेलेले जोडपे बीएलओ दारात येईल त्या दिवशी घरी नसणार, हे आधीच ठाऊक असलेले सत्य आहे.

यावर एक उपाय असा आहे, ज्याला नवा कायदाही लागत नाही: यादी संगणकाला वाचता येईल अशा रूपात द्या. आज पक्षांना आणि नागरिकांना मिळते ती पानांची चित्रे असतात. त्यात एखादे नाव शोधायचे तर डोळे फोडून घ्यावे लागतात. २०१८ मध्ये कमलनाथ यांनी ही मागणी सर्वोच्च न्यायालयात नेली, ती मान्य झाली नाही. खासगीपणाचा आक्षेप इथेही आहे, पण तीच यादी छापील रूपात कुठल्याही तहसील कचेरीत बघायला मिळते. मग शोधण्याजोगी दिली तर कोणता नवा खासगीपणा भंग पावतो? दुबार नावे शोधायला मुंबईत मोर्चा काढावा लागला नसता, घरी बसून शोधता आली असती.

हे सगळे नियम बदलणारा आयोग कोण नेमतो, हा प्रश्न शेवटी येतोच. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश अशी निवड समिती सांगितली, संसद कायदा करेपर्यंत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला केंद्रीय मंत्री आला. तीनांत दोन मते सरकारची. आयुक्त कितीही सचोटीचे असोत, पराभूत पक्षाला ते तटस्थ वाटावेत यासाठी या समितीने काहीच शिल्लक ठेवलेले नाही.

आयोगाकडे बोट दाखवताना पक्षांची एक गोष्ट मात्र केंद्राध्यक्षाच्या खुर्चीवरून स्पष्ट दिसते आणि ती सांगायला हवी. सकाळी अभिरूप मतदानाला सगळ्यांचे प्रतिनिधी हजर असतात, चहा येतो, ओळखी निघतात. दुपारी जेवणानंतर एकेक जण पातळ होतो. संध्याकाळी मोहोर लावायच्या वेळी, नेमकी १७-सी ची प्रत हातात घ्यायच्या क्षणी, सत्तेतल्या आणि तालेवार पक्षांची माणसे बसलेली असतात, आणि बाकीच्यांच्या खुर्च्यांवर कुणी नसते. नियम सांगतो की प्रत हजर प्रतिनिधीलाच द्यायची. यंत्र चोर आहे म्हणणाऱ्या पक्षांनी प्रत्येक केंद्रावर सहा ते आठ या दोन तासांसाठी एक शिकलेला, न उठणारा माणूस बसवला, आणि त्या रात्री जमा झालेले सगळे १७-सी स्वतःच्याच संकेतस्थळावर टाकले, तर त्यांना आयोगाच्या परवानगीची गरज नाही. ७६ लाखांचा प्रश्न विचारणाऱ्या एकाही पक्षाने नोव्हेंबर २०२४ चे आपल्याकडचे कागद आजवर असे लोकांसमोर ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही.